किमान वेतनावर खेळलेला सांती काझोर्ला

२१ जून २०२५ रोजी उत्तर स्पेनमधील ओव्हिएदो शहराच्या कार्लोस तार्तिएरे क्रीडांगणावर चाळिशी गाठलेल्या एका ठेंगण्या खेळाडूने पेनल्टीचा चेंडू जाळ्यात धाडला. मिरांदेस संघाविरुद्धच्या दोन सामन्यांच्या निर्णायक लढतीत यजमान रेआल ओव्हिएदो त्या क्षणापर्यंत एकूण दोन गोलांनी मागे होता. त्यानंतर आणखी एक गोल झाला, अतिरिक्त वेळेत तिसरा झाला, आणि चोवीस वर्षांच्या वनवासानंतर हा क्लब स्पेनच्या पहिल्या श्रेणीत परतला. पेनल्टी घेणाऱ्या त्या खेळाडूचे नाव सांतियागो काझोर्ला. सारे जग त्याला सांती म्हणून ओळखते. स्पेनच्या राष्ट्रीय संघाकडून २००८ व २०१२ अशा दोन युरोपीय अजिंक्यपदांचा तो मानकरी, लंडनच्या आर्सेनल क्लबचा एके काळचा आधारस्तंभ; आणि तो ओव्हिएदोला परतला तो लीगच्या नियमांनुसार देता येईल तेवढ्या कमीत कमी वेतनावर.

युरोपातील भांडवली वृत्तपत्रांना ही कथा न आवडती तरच नवल. पैशाने नासलेल्या खेळात एक निर्मळ हृदय उरले आहे, गावचा मुलगा गावाला परतला, प्रेमापुढे पैसा हरला, अशा मथळ्यांचा त्या आठवड्यात नुसता पाऊस पडला. कथा खोटी नाही. काझोर्लाच्या सच्चेपणाबद्दल शंका घेण्याचे काडीचेही कारण नाही, आणि अशा माणसाकडे पाहून ज्याला आनंद होत नाही त्याने स्वतःला डाव्या विचाराचा म्हणवून घेण्याची घाई करू नये. परंतु ती अर्धीच सांगितली जाते. त्याला गाव सोडून जावे का लागले, वीस वर्षे त्याच्या पायांचा बाजार कसा चालला, ज्या ‘किमान वेतना’चे एवढे कौतुक झाले ते किमान वेतन मुळात कोणी लढून मिळवले, आणि तो परतला तेव्हा क्लब नेमका कोणाच्या मालकीचा झाला होता, हे प्रश्न त्या मथळ्यांत कुठेच नव्हते.

ओव्हिएदो ही आस्तुरियास प्रांताची राजधानी. आस्तुरियास म्हणजे कोळसा, पोलाद आणि कामगार चळवळ, हे समीकरण जुन्या कार्यकर्त्यांना तरी नव्याने सांगायला नको. ऑक्टोबर १९३४ मध्ये मिएरेस आणि लांग्रेओच्या खोऱ्यांतील खाणकामगारांनी उठाव करून सुमारे दोन आठवडे सत्ता हाती ठेवली. तो उठाव मोरोक्कोतून आणलेल्या फौजांकरवी चिरडण्याची सूत्रे माद्रिदमधून हलवणारा सेनाधिकारी होता फ्रान्सिस्को फ्रँको. पुढे त्याच्याच हुकूमशाहीत, १९६२ च्या वसंत ऋतूत, याच खाणींतून संपाची ठिणगी पडली आणि संप बेकायदा असतानाही ती देशभर पसरली. तथापि येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १९२६ साली स्थापन झालेला रेआल ओव्हिएदो हा काही खाणकामगारांनी उभारलेला क्लब नव्हे. ओव्हिएदो हे कचेऱ्यांचे, वकिलांचे, विद्यापीठाचे शहर. खाणी त्याच्या भोवतालच्या खोऱ्यांत. खोऱ्यांतून माणसे रविवारी सामन्याला येत, एवढाच त्यांचा आणि क्लबचा संबंध. आपल्या लिखाणात प्रत्येक आवडत्या संघाला श्रमिकांचा संघ ठरवण्याची जी खोड आहे, ती या ठिकाणी उपयोगाची नाही.

याच क्लबचा इसिद्रो लांगारा हा गोल करण्याच्या कलेतला असामान्य खेळाडू. १९३४, १९३५ आणि १९३६ अशी सलग तीन वर्षे तो स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. खाणकामगारांचा उठाव झाला तेव्हा हा बास्क तरुण सक्तीच्या लष्करी सेवेत होता आणि गणवेश घालून सरकारी बाजूला उभा होता. अवघ्या तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, तोच लांगारा प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या बास्क सरकारच्या संघातून परदेश दौऱ्यावर निघाला. २६ एप्रिलला पॅरिसमध्ये त्या संघाचा पहिला सामना झाला. त्याच दिवशी नाझी विमानांनी गेर्निका बेचिराख केले. मॉस्कोसह सोव्हिएत संघराज्यातील अनेक शहरांत खेळून, फ्रँकोच्या महासंघाच्या तक्रारींमुळे आलेल्या अडथळ्यांना तोंड देत, हा संघ अखेर मेक्सिकोत पोचला. पुढे लांगारा ब्यूनोस आयरेसच्या सान लोरेन्सोकडून खेळला. पदार्पणाच्या सामन्यात रिव्हर प्लेटविरुद्ध त्याने चार गोल केले. मग पुन्हा मेक्सिको, आणि १९४६ मध्ये, फ्रँको सत्तेवर असतानाच, परत ओव्हिएदो. माणसाचे आयुष्य कोणत्याही एका खणात बसत नाही ते असे. लांगाराला परदेशी नेले ते युद्धाने आणि निर्वासितपणाने. काझोर्लाला नेले ते कर्जाने.

सांती जन्मला १३ डिसेंबर १९८४ रोजी, ओव्हिएदोलगतच्या ल्यानेरा भागात. लहानपणीच तो रेआल ओव्हिएदोच्या बालसंघात दाखल झाला. उंची जेमतेम १६८ सेंटिमीटर. पण दोन्ही पाय सारखेच तयार, इतके की तो कोपऱ्यावरचा चेंडू कधी उजव्या तर कधी डाव्या पायाने मारी आणि त्याचा मूळ पाय कोणता, यावर जाणकारांत वाद होई. असा मुलगा मोठा होऊन तार्तिएरेच्या मैदानावर उतरणे हेच स्वाभाविक होते. पण २००१ मध्ये ओव्हिएदोची पहिल्या श्रेणीतून घसरण झाली आणि २००३ मध्ये तर क्लब कोसळलाच. मैदानावर एक श्रेणी गमावलीच होती. त्यात खेळाडूंचे वेतन थकल्यामुळे आणखी एका श्रेणीने त्याला खाली ढकलण्यात आले. त्यापुढे जाऊन शहराच्या नगरपालिकेने मरणपंथाला लागलेल्या या क्लबची पाठराखण करण्याऐवजी त्याची जागा घेऊ पाहणाऱ्या दुसऱ्याच एका क्लबला पाठिंबा दिला. सामान्य पाठीराखे मात्र हटले नाहीत. चौथ्या श्रेणीतील खेडोपाडीच्या संघांविरुद्धचे सामने पाहायला हजारोंनी येऊन त्यांनी जुना क्लब जिवंत ठेवला. या उलथापालथीत अठरा वर्षांच्या सांतीला मात्र जागा उरली नव्हती. २००३ मध्ये तो भूमध्य समुद्राकाठच्या प्रांतातील व्हियारेआल या फरशी-उद्योगाच्या गावाच्या संघात गेला. ओव्हिएदोच्या वरिष्ठ संघाकडून तो एकही सामना खेळलेला नव्हता.

हे असे का घडले याचे उत्तर एका कायद्यात आहे. स्पॅनिश भाषेत क्लबच्या पाठीराख्याला ‘सोसिओ’ म्हणत. सोसिओ म्हणजे सभासद, भागीदार. वर्गणी भरणारा, निवडणुकीत मत देणारा, अध्यक्षाला जाब विचारणारा. १९९० च्या क्रीडा कायद्याने व्यावसायिक क्लबांना सक्तीने भागभांडवली कंपन्या बनवले. रेआल माद्रिद, बार्सेलोना, आथलेतिक बिल्बाओ आणि ओसासूना एवढे चार क्लब वगळले गेले. बाकीच्या सर्वांवर हा वरवंटा फिरला. कारण असे दिले गेले की क्लब कर्जात बुडाले आहेत, सभासदांनी निवडलेले पदाधिकारी बेजबाबदार आहेत, मालक आले म्हणजे शिस्त येईल. मालक आले, शिस्त आली नाही, कर्जे वाढली. सोसिओ मात्र गेला. त्याच्या जागी दोन वेगळी माणसे आली: एक भागधारक, आणि दुसरा केवळ हंगामाचे तिकीट काढणारा ‘आबोनादो’, म्हणजे वर्गणीदार. गॅलरीत बसणारा मनुष्य तोच, घोषणाही त्याच. परंतु कालपर्यंत जो घरधनी होता तो आज गिऱ्हाईक झाला. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द येण्यात केवढे मालमत्तेचे हस्तांतर दडलेले असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

व्हियारेआलमध्ये सांती घडला. मध्ये एक वर्ष उएल्व्हाच्या रेक्रेआतिव्होकडे काढून तो परतला, २००८ मध्ये राष्ट्रीय संघात आला आणि त्याच वर्षी युरोपीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या संघाचा भाग झाला. २०१० च्या विश्वचषकाला तो दुखापतीमुळे मुकला. स्पेनने तो चषक जिंकला तेव्हा तो संघात नव्हता. त्याच्या खेळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच पुरे, की दाटीत चेंडू मिळाला असता बहुतेक खेळाडू ज्या क्षणी घाबरतात, त्या क्षणी याच्या चेहऱ्यावर हसू उमटत असे.

२०११ मध्ये त्याची विक्री मालागाला झाली. ‘विक्री’ हा शब्द येथे अलंकारिक नाही. खेळ-व्यवसायात तोच रूढ आहे आणि त्याबद्दल कोणी लाजतही नाही. मालागा क्लब वर्षभरापूर्वी कतारच्या राजघराण्यातील एका शेखाने विकत घेतला होता. पैशाचा धबधबा सुरू झाला, सुमारे दोन कोटी युरो मोजून काझोर्ला आणला गेला, आणि क्लब प्रथमच चँपियन्स लीगसाठी पात्र ठरला. मग धबधबा आटला. शेखसाहेबांचा रस ओसरताच खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी थकली; २०१२ च्या डिसेंबरात युरोपीय महासंघाने थकबाकीबद्दल मालागावर युरोपीय स्पर्धांतून बंदीची शिक्षा ठोठावली. तोवर काझोर्लाला आर्सेनलकडे विकून क्लबने हाताला येईल तेवढी रोकड केली होती. ज्या कारणाने त्याने अठराव्या वर्षी ओव्हिएदो सोडले, त्याच कारणाने त्याने सत्ताविसाव्या वर्षी देश सोडला: क्लबच्या तिजोरीत पगाराला पैसे नव्हते.

हे एकट्या मालागाचे दुखणे नव्हते. ऑगस्ट २०११ मध्ये स्पॅनिश खेळाडूंच्या संघटनेने संप पुकारला आणि लीगची पहिली फेरीच होऊ दिली नाही. सुमारे दोनशे खेळाडूंचे जवळपास पाच कोटी युरो थकले होते, आणि हे थकबाकीदार खेळाडू म्हणजे काही मेस्सी-रोनाल्डो नव्हते. बहुतेक लहान क्लबांतले, ज्यांची नावे शेजारच्या गावातही ठाऊक नसतात असे होते. त्या संपात नामांकित खेळाडू पुढच्या रांगेत उभे राहिले, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे.

२०१२ हे वर्ष आस्तुरियासच्या स्मृतीत दोन कारणांनी राहील. राखॉय यांच्या उजव्या सरकारने कोळसा खाणींचे साहाय्य एका फटक्यात सुमारे ६३ टक्क्यांनी कापले. खाणकामगार संपावर गेले, रस्ते अडवले गेले, आणि आस्तुरियास, लेओन व आरागॉनहून निघालेला कामगारांचा पायी मोर्चा जुलै महिन्यात माद्रिदमध्ये पोचला. हेल्मेटवरचे दिवे लावून ते रात्री राजधानीत शिरले तेव्हा दुतर्फा लोक उभे होते. ती लढाई कामगार हरले. युरोपीय संघाच्या नियमांनुसार २०१८ च्या अखेरीस स्पेनमधील बहुतेक कोळसा खाणी बंद झाल्या. त्याच वर्षी, मोर्चाला चार-पाच महिने होत आहेत तोच, रेआल ओव्हिएदो दिवाळखोरीच्या काठावर आला. काही दिवसांत सुमारे वीस लाख युरो उभे न राहिल्यास क्लब बंद पडणार होता. भाग विक्रीला काढले गेले, एका भागाची किंमत १०.७५ युरो. बेकारीने होरपळलेल्या त्या प्रांतातल्या लोकांनी ते घेतले. आणि जगभरच्या हजारो अनोळखी माणसांनीही घेतले, ज्यांतील कित्येकांना ओव्हिएदो नकाशावर दाखवता आले नसते. ज्यांचे पाय या क्लबने घडवले होते, पण ज्यांना तो सांभाळू शकला नव्हता, असे तिघे त्या वेळी इंग्लंडमध्ये खेळत होते: चेल्सीत हुआन माता, स्वान्सीत मिचू आणि आर्सेनलमध्ये काझोर्ला. तिघांनीही भाग घेतले आणि जाहीर आवाहन केले.

येथवर ही एका अपूर्व सामूहिक कृतीची कथा आहे. पण शेवटी मोठी रक्कम आली ती मेक्सिकोहून. दूरसंचाराच्या मक्तेदारीवर जगातील सर्वांत धनाढ्य माणसांत जाऊन बसलेल्या कार्लोस स्लिम यांच्या समूहाने सुमारे वीस लाख युरो ओतून सर्वांत मोठ्या भागधारकाचे स्थान घेतले. २०२२ मध्ये बहुसंख्य भाग मेक्सिकोच्याच पाचुका समूहाकडे गेले. या समूहाच्या हाती मेक्सिकोतील क्लबही आहेत. लाझारो कार्देनास यांच्या मेक्सिकोने १९३० च्या दशकाअखेरीस स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या हजारो निर्वासितांना आसरा दिला होता. लांगारासारख्या खेळाडूंना मैदान दिले होते. आणि फ्रँकोच्या राजवटीला त्या देशाने अखेरपर्यंत मान्यता दिली नाही. त्या मेक्सिकोचे आणि या मेक्सिकोचे नाव एकच आहे.

आर्सेनलमधील काझोर्लाची वर्षे हा त्याच्या कारकिर्दीचा मध्यान्ह. १७ मे २०१४ च्या इंग्लिश चषकाच्या अंतिम सामन्यात हल संघाने पहिल्या आठ-दहा मिनिटांतच दोन गोल केले होते. काझोर्लाने दुरून मारलेल्या फ्री-किकने आर्सेनलला परत आणले आणि अतिरिक्त वेळेत संघ ३-२ ने जिंकला. क्लबने नऊ वर्षांत मिळवलेला तो पहिला मोठा चषक. पुढच्या वर्षीही चषक आला. मग १९ ऑक्टोबर २०१६ रोजी बल्गेरियाच्या लुदोगोरेत्सविरुद्ध तो लंगडत बाहेर पडला, आणि आर्सेनलसाठी तो पुन्हा कधीही खेळला नाही.

पुढचे दीड वर्ष वाचताना अंगावर काटा येतो. घोट्याच्या शस्त्रक्रियेची जखम भरेना. टाके घालावेत आणि ते पुन्हा उसवावेत. अखेर स्पेनमधील शल्यविशारदांनी उघडून पाहिले तेव्हा जंतुसंसर्गाने टाचेमागच्या कंडरेचा सुमारे आठ सेंटिमीटर भाग खाऊन टाकला होता. मांस सडू लागले होते आणि पाय कापावा लागण्याची भीती होती. आठ-दहा शस्त्रक्रिया झाल्या. हातावरची कातडी काढून घोट्याला लावली गेली. त्या कातडीवर मुलीच्या नावाचे गोंदण होते, त्याचा काही भाग तेव्हापासून पायावर आहे. मुलाबरोबर बागेत चालता आले तरी समाधान मानावे, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. क्रीडा-नियतकालिकांनी या प्रकरणाचे ‘चमत्कार’ म्हणून वर्णन केले. त्यापूर्वी तो कित्येक महिने वेदनाशामकांच्या आणि इंजेक्शनांच्या आधारावर खेळत राहिला होता, सामन्याच्या मध्यंतरात घोटा थंड झाला की वेदनेने त्याच्या डोळ्यांत पाणी येई, याचा त्या चमत्काराशी काही संबंध असावा असे फारसे कोणाला वाटले नाही. श्रमिकाच्या शरीराची झीज हा उत्पादनखर्चाचा भाग असतो, हे खाणीत दिसते तसे मैदानात दिसत नाही, कारण मैदानावर प्रखर दिवे असतात आणि मोबदला भरपूर असतो. मोबदला भरपूर असतो हे खरेच आहे; फुटबॉलच्या तारांकितांना सर्वहारा ठरवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. आर्सेनलच्या या मधल्या फळीच्या खेळाडूला आणि फुप्फुसात कोळशाची भुकटी साठलेल्या मिएरेसच्या खाणकामगाराला एकाच तागडीत घालणे हा अडाणीपणा होईल. पण जखमेवर टाके घालून कामावर उभे करण्याची रीत दोन्हीकडे सारखीच, एवढे मात्र म्हणता येते.

२०१८ मध्ये आर्सेनलशी करार संपला. व्हियारेआलने त्याला आधी कराराविना सरावाला बोलावले, पाय टिकतो का ते पाहिले, मग करार केला. तो नुसता टिकला नाही, तर २०१९ मध्ये राष्ट्रीय संघात परतला. आणि २०२० मध्ये तो कतारच्या अल साद क्लबकडे गेला.

गौरवलेखांमध्ये या तीन वर्षांवरून घाईघाईने पान उलटले जाते. तसे करणे योग्य नाही. काझोर्ला दोहामध्ये राहत होता तेव्हा त्या शहरात २०२२ च्या विश्वचषकाची तयारी सुरू होती; मैदाने, रस्ते, हॉटेले उभी राहत होती आणि ती उभारणाऱ्यांत भारत, नेपाळ, बांगलादेशातून गेलेले लाखो मजूर होते. मालकाच्या ताब्यात मजुराचे येणेजाणे ठेवणारी ‘कफाला’ पद्धत कागदोपत्री शिथिल होत होती हे मान्य. तरी स्थलांतरित मजुरांना स्वतःची कामगार संघटना स्थापन करण्याचा हक्क नव्हता. ज्याच्या दोन क्लबांनी वेतन थकवले, ज्याच्या देशात खेळाडूंच्या संघटनेने संप करून लीग थांबवली, त्या माणसाने या प्रश्नावर तेथे काही म्हटल्याचे कोठे नोंदलेले आढळत नाही. परक्या देशात पाहुण्याने तोंड बंद ठेवावे, असा व्यवहार सांगतो; आणि एकट्या खेळाडूकडून वीरकृत्याची अपेक्षा करणे सोपे असते, तेही खरे. मात्र ज्याला आदर्श म्हणून डोक्यावर घेतले जाते, त्याच्या हिशेबात ही रिकामी ओळही धरली गेली पाहिजे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये तो ओव्हिएदोला आला. अठ्ठावीस-तीस वर्षांपूर्वी ज्या क्लबच्या बालसंघात त्याचे नाव घातले गेले होते, त्याच्या पहिल्या संघाचा सदरा त्याने अडतिसाव्या वर्षी प्रथम घातला. फुकट खेळण्याचीही त्याची तयारी होती. परंतु तसे करता येत नाही. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करारानुसार प्रत्येक श्रेणीतल्या खेळाडूसाठी वेतनाची एक किमान पातळी ठरलेली आहे आणि तिच्याखाली कोणालाही उतरता येत नाही, मग तो स्वखुशीने तयार असो वा नसो. म्हणून त्याने ते किमान वेतन स्वीकारले, आणि आपल्या नावाच्या सदऱ्यांच्या विक्रीतील दहा टक्के वाटा क्लबच्या युवा-विभागाला द्यावा अशी अट घातली.

कौतुक या ‘किमान’ शब्दाचे झाले आणि त्या शब्दाचा इतिहास मात्र कोणी सांगितला नाही. १९७० च्या दशकाअखेरपर्यंत स्पॅनिश क्लबांना ‘राखून ठेवण्याचा हक्क’ होता: खेळाडूचा करार संपला तरी क्लबने ठरवल्यास त्याला सोडून जाता येत नसे. सामाजिक सुरक्षा नाही, निवृत्तीची तरतूद नाही, किमान वेतनाची गोष्ट तर दूरच. फ्रँको मेला १९७५ मध्ये; १९७८ च्या जानेवारीत खेळाडूंनी आपली संघटना उभारली आणि मार्च १९७९ मध्ये स्पॅनिश फुटबॉलच्या इतिहासातला पहिला संप केला. त्यानंतरही संप झाले. ‘लाखो कमावणाऱ्यांना कसला संप’ अशी हेटाळणी तेव्हाही वृत्तपत्रांनी केली होती. प्रत्यक्षात लाखो कमावणारे मूठभर होते आणि राखून ठेवण्याच्या हक्काखाली पिचणारे शेकडो. काझोर्लाने २०२३ साली ज्या कागदावर सही केली त्यातील वेतनाचा आकडा या संपांनी निर्माण केलेला आहे. हा आकडा सामान्य स्पॅनिश मजुराच्या किमान वेतनाच्या कित्येक पट आहे, तेव्हा त्याने उपाशी राहून त्याग केला असे चित्र रंगवण्यातही अर्थ नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कराराने घातलेली ही मर्यादा नसती आणि तारांकिताने फुकट खेळण्याचा पायंडा पडता, तर पुढच्या हंगामात मालकाने तिसऱ्या फळीतल्या एखाद्या बावीस वर्षांच्या पोराला विचारले असते: तो एवढा मोठा खेळाडू फुकट खेळतो, तुला कशाला पैसे हवेत? औदार्य मालकाच्या हाती पडले की त्याचे हत्यार होते. त्याला हत्यार होऊ न देणारी गोष्ट म्हणजे सामूहिक करार.

डाव्या वर्तुळांत या प्रकरणावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, व्यावसायिक फुटबॉल ही अफू आहे, तिच्यात कोण कोणत्या पगारावर खेळतो याची उठाठेव कशाला. दुसरे, काझोर्ला म्हणजे बाजाराला दिलेला नकार. पहिल्या मताला चौथ्या श्रेणीत क्लब जगवणारी हजारो माणसे दिसत नाहीत. २०१२ मध्ये दहा युरोंचा भाग घेण्यासाठी रांगेत उभे राहणाऱ्यांना तुच्छ लेखून कोणती जनता जागी होणार आहे, हे त्या मताच्या पुरस्कर्त्यांनीच सांगावे. दुसऱ्या मताला ५१ टक्के दिसत नाहीत. काझोर्लाने नाकारलेला पैसा खाणकामगाराच्या घरी गेला नाही, तो पाचुका समूहाच्या ताळेबंदात शिल्लक राहिला. पहिल्या श्रेणीतील प्रवेशाने क्लबचे दूरचित्रवाणी-हक्कांचे उत्पन्न एकदम अनेक पटींनी वाढते; आणि त्या वाढलेल्या किमतीचा धनी पेनल्टी मारणारा नव्हे, गॅलरीतला वर्गणीदारही नव्हे. एका मालकाच्या हाती अनेक देशांतले क्लब असण्याची ही पद्धत आपल्याला दूरची वाटण्याचे कारण नाही: २०१९ मध्ये अबुधाबीच्या भांडवलावर चालणाऱ्या सिटी समूहाने मुंबई सिटी क्लबचे ६५ टक्के भाग विकत घेतले, तेव्हा मुंबईच्या पाठीराख्यांना कोणी विचारले नव्हते.

म्हणून काझोर्लाच्या पुनरागमनाने जो खरा प्रश्न पुढे आणला तो वेतनाचा नाही, मालकीचा आहे. जर्मनीत क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या संस्थेकडे ठेवण्याचा नियम आहे. त्यात पळवाटा आहेत, कंपन्यांचे लाडके अपवाद आहेत, तरी अजून तो मोडीत निघालेला नाही. स्पेनमध्ये सभासदांच्या मालकीचे चार क्लब १९९० च्या कायद्यातून सुटले आणि त्यांतील दोन जगातले सर्वांत बलाढ्य क्लब आहेत. तेव्हा सभासदांना कारभार जमत नाही हा दावा त्या कायद्याच्या कर्त्यांच्याच डोळ्यांसमोर खोटा ठरलेला आहे. ओव्हिएदोच्या लहान भागधारकांनी आणि पाठीराख्यांच्या मंडळांनी आपले विखुरलेले भाग एकत्र करून संचालक मंडळात आवाज मागणे, आणि स्पेनच्या डाव्या पक्षांनी १९९० च्या व्यवस्थेला संसदेत हात घालणे, या दोन गोष्टी तेथील साथींच्या हातच्या आहेत.

काझोर्लाने करार आणखी एका हंगामासाठी वाढवला आणि २०२५-२६ मध्ये तो ओव्हिएदोबरोबर पहिल्या श्रेणीच्या मैदानावर उतरला. त्याच्या सदऱ्यांच्या विक्रीतले ते दहा टक्के ज्या युवा-विभागासाठी ठरले आहेत, त्यात आसपासच्या गावांतली आठ-नऊ वर्षांची मुले सरावाला येतात. त्यांच्या प्रशिक्षकांचा पगार वेळेवर होतो की नाही, याकडे २००३ पाहिलेले पाठीराखे लक्ष ठेवून असतील.